रुग्णालयातील संगणकांची मध्यवर्ती निगा : का आणि कशी?



नवीन यंत्रसामग्री, वाढीव खाटा, आरोग्य शिबिरे आणि शस्त्रक्रिया यांचा तपशील वार्षिक अहवालातून आपणांसमोर ठेवण्याचा प्रघात आहे. तो तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. जमाखर्चाच्या पत्रकात मात्र ‘संगणक देखभाल व अद्ययावतीकरण’ असे एक खर्चाचे शीर्ष आहे आणि त्याविषयी विश्वस्तांच्या सभेत, तसेच सभेबाहेरही, विचारणा होत असते. “संगणक तर सुरळीत चालू आहेत, मग हा खर्च कशासाठी?” हा प्रश्न रास्त आहे. धर्मादाय संस्थेत आलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी कष्टाचा असतो आणि त्याच्या विनियोगाचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखात ते उत्तर सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न केला आहे.

संगणक कोठे कोठे आहे?

रुग्ण दारात आल्यावर केसपेपर काढला जातो तो संगणकावर. रक्ततपासणीचा अहवाल प्रयोगशाळेतून कक्षात पोहोचतो तो संगणकाद्वारे. क्ष-किरण आणि सोनोग्राफीची चित्रे, औषधविक्री विभागातील साठा, शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रक, रुग्णाला घरी सोडतानाचे बिल आणि डिस्चार्ज कार्ड, शासकीय योजनांच्या मंजुरीची कागदपत्रे, हे सारे आता एकाच नेटवर्कवर चालते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणक बिघडला तर लेखा विभागाचा एक दिवस वाया जात असे. आज तो बिघडला तर अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना रुग्णाचा कालचा अहवाल मिळत नाही. म्हणूनच संगणकांची निगा हा विषय आम्ही कार्यालयीन सोयीच्या यादीतून काढून रुग्णसुरक्षेच्या यादीत घातला आहे.

कार्यप्रणाली आणि तिची डागडुजी

संगणकावर आपण वापरतो त्या सर्व प्रोग्रॅमच्या मुळाशी एक पायाभूत प्रणाली असते. तिला कार्यप्रणाली म्हणतात. आपल्याकडील बहुसंख्य संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कार्यप्रणाली आहे. ती कोट्यवधी ओळींच्या आज्ञावलीची बनलेली असून इतक्या मोठ्या रचनेत काही उणिवा राहून जाणे अपरिहार्य असते. त्यांपैकी काही उणिवा निरुपद्रवी असतात, तर काहींमधून परका माणूस संगणकात शिरकाव करू शकतो. अशी फट लक्षात आली की कंपनी ती बुजविणारी दुरुस्ती तयार करते. हीच ‘अपडेट’. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने यासाठी दर महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून दिला आहे. अमेरिकेतील सकाळी प्रसिद्ध होणाऱ्या या दुरुस्त्या आपल्याकडे त्याच रात्री, तेथील ऋतूनुसार साडेदहा किंवा साडेअकराच्या सुमारास, उपलब्ध होतात.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर धोका संपत नाही. ज्यांनी ती बसविली नाही त्यांच्यापुरता तो उलट वाढतो. दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची आज्ञावली शेजारी ठेवून पाहिली की फट नेमकी कोठे होती हे जाणकाराला कळते, आणि हे जाणकार सगळेच सद्हेतूचे नसतात. कुलूप सदोष असल्याची जाहीर सूचना गावभर वाटली गेल्यावर ज्याने आपले कुलूप बदलले नाही, त्याच्या घराची जी अवस्था, तीच अद्ययावत न केलेल्या संगणकाची.

इंग्लंडमधील रुग्णालयांचा अनुभव

हा धोका केवळ काल्पनिक नाही. दि. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील फाइल देवाणघेवाणीच्या व्यवस्थेतील एक गंभीर फट बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर ५९ दिवसांनी, शुक्रवार दि. १२ मे २०१७ रोजी, त्याच फटीतून ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. तो पसरण्यासाठी कोणी चुकीच्या दुव्यावर बोट ठेवण्याचीही गरज नव्हती. एका संगणकातून नेटवर्कद्वारे दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा तो आपोआप शिरत गेला आणि प्रत्येक ठिकाणी माहिती कुलूपबंद करून ३०० डॉलरची मागणी करू लागला. १५० हून अधिक देशांना त्याची झळ पोहोचली.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला, म्हणजे एन.एच.एस.ला, त्याचा मोठा फटका बसला. तेथे रुग्णालयांचे व्यवस्थापन करणाऱ्या सरकारी मंडळांना ‘ट्रस्ट’ असेच संबोधतात. अशा २३६ ट्रस्टपैकी किमान ८०, म्हणजे सुमारे एक तृतीयांश, बाधित वा विस्कळीत झाल्या. त्याखेरीज ५९५ कौटुंबिक डॉक्टरांच्या दवाखान्यांत संसर्ग आढळला. पाच ठिकाणच्या अपघात विभागांना रुग्ण अन्यत्र पाठवावे लागले. रद्द झालेल्या भेटी व शस्त्रक्रियांची संख्या १९,००० हून अधिक असावी असा अंदाज पुढे मांडण्यात आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील आरोग्य खात्याने एकूण भुर्दंड ९ कोटी २० लाख पौंडांचा असल्याचे अनुमान केले.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला. हिशेब तपासणीशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी त्यातील दोन निष्कर्ष अवश्य लक्षात घ्यावेत. पहिला असा की, बाधित झालेल्या संस्थांना साध्या उपायांनी स्वतःचे रक्षण करता आले असते. त्यांच्या संगणकांवर दुरुस्ती बसविलेली नव्हती किंवा कार्यप्रणालीच कालबाह्य होती. दुसरा अधिक मोलाचा. दुरुस्ती बसवा, अशा सूचना मार्च आणि एप्रिल २०१७ मध्येच देण्यात आल्या होत्या; परंतु त्या सूचनांचे पालन झाले किंवा नाही, हे पडताळण्याची रीतसर व्यवस्था वरिष्ठ स्तरावर नव्हती. परिपत्रक निघाले होते, पूर्तता अहवाल मात्र कोणी मागितला नव्हता.

आपल्या देशातही दि. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नेटवर्कचे योग्य विभाजन नसणे हे त्यामागील कारण होते, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. त्या काळात देशातील अग्रगण्य रुग्णालयाला नोंदणीपासून अहवालापर्यंतचे काम हाताने कागदावर करावे लागले. जेथे साधनसंपत्ती विपुल आहे तेथे ही स्थिती, तर देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेने किती सावध असावे, हे वेगळे सांगावयास नको.

प्रत्येकाने आपापले पाहावे, हे का चालत नाही?

घरच्या संगणकावर अपडेट आपोआप उतरतात, मग रुग्णालयातही तसेच होऊ द्यावे, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली आहे. तिच्यात चार अडचणी आहेत.

पहिली अडचण इंटरनेटची. समजा, एका महिन्याची दुरुस्ती १ गिगाबाइटची आहे आणि संगणक १५० आहेत. प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे उतरविली तर १५० गिगाबाइटचा भार एकाच जोडणीवर पडेल, आणि तोही बहुधा सकाळी, सर्व संगणक सुरू होतात त्याच वेळी, म्हणजे बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीपुढे रांग लागलेली असताना. दुसरी अडचण वेळेची. बहुतेक दुरुस्त्यांनंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. तो केव्हा होईल हे यंत्रावर सोडणे रुग्णालयाला परवडणारे नाही. तिसरी अडचण मनुष्यस्वभावाची. कामाच्या गर्दीत पडद्यावर सूचना आली की परिचारिका काय, डॉक्टर काय, ‘नंतर’ या बटणावरच बोट ठेवतात, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. चौथी अडचण सर्वांत मोठी : कोणत्या संगणकावर काय बसले आणि काय राहिले, हे कोणालाच ठाऊक नसते.

मध्यवर्ती भांडाराची पद्धत

या अडचणींवरील उपाय औषध भांडाराच्या कामकाजावरून चटकन समजेल. प्रत्येक कक्ष बाजारातून स्वतः औषधे आणत नाही. औषधे एकाच ठिकाणी येतात, तपासली जातात, नोंदवहीत चढतात, कक्षाच्या मागणीप्रमाणे दिली जातात आणि कोणत्या बॅचचे औषध कोठे गेले हे केव्हाही सांगता येते. संगणकांच्या दुरुस्त्यांचेही आम्ही तसेच केले आहे.

त्यासाठी ‘विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस’ ही मायक्रोसॉफ्टचीच सुविधा वापरण्यात येते. तिचा पूर्वावतार २००२ मध्ये आला आणि सध्याच्या नावाने ती २००५ पासून उपलब्ध आहे. विंडोजच्या सर्व्हर प्रणालीसोबतच ती मिळत असल्याने तिच्यासाठी स्वतंत्र किंमत मोजावी लागत नाही. रुग्णालयातील एक सर्व्हर सर्व दुरुस्त्या कंपनीकडून एकदाच उतरवून घेतो. वरील उदाहरणातील १५० गिगाबाइटच्या जागी बाहेरून केवळ १ गिगाबाइट येते; पुढील वाटप इमारतीतल्या तारांवरून होते. दुरुस्ती कोठून घ्यावयाची, हा नियम प्रत्येक संगणकाला मध्यवर्ती धोरणाद्वारे घालून दिलेला असतो. संगणक स्वतःहून ठरावीक अंतराने, साधारणपणे दिवसातून एकदा, ‘माझ्यासाठी काही आहे काय?’ अशी विचारणा सर्व्हरकडे करतो. आलेली दुरुस्ती खरोखर कंपनीचीच आहे याची खातरजमा तो तिच्यावरील अंकीय स्वाक्षरीवरून करतो, आणि काय बसविले याचा अहवाल सर्व्हरला पाठवितो. आमची मंजुरी मिळाल्याविना कोणतीही दुरुस्ती वाटली जात नाही.

टप्प्याटप्प्याने वाटप

मंजुरी एकदम सर्वांना दिली जात नाही. संगणकांचे तीन गट पाडण्यात आले आहेत. पहिल्या गटात लेखा, भांडार आणि प्रशासन या विभागांतील संगणक आहेत. येथे अडचण उद्भवली तर गैरसोय आमची होते, रुग्णाची नाही. तेथे काही दिवस निरीक्षण केल्यावर दुसऱ्या गटास, म्हणजे नोंदणी, बिलिंग आणि औषधविक्री यांस, परवानगी दिली जाते. अपघात विभाग, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह आणि प्रयोगशाळा यांचा तिसरा गट सर्वांत शेवटी येतो. या गटात संगणक पुन्हा सुरू करण्याची वेळ त्या त्या विभागाच्या प्रमुख परिचारिकेशी बोलून निश्चित होते, आणि एकाच कक्षातील दोन संगणक एकाच वेळी बंद होणार नाहीत अशी व्यवस्था असते. तेवढ्या अवधीपुरते छापील नमुने कक्षात ठेवलेलेच असतात.

ही सावधगिरी अनाठायी नाही. दि. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा प्रोग्रॅमसाठी पाठविलेली एक सदोष फाइल जगभर एकाच वेळी पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानसेवा ठप्प झाल्या, अनेक देशांतील रुग्णालयांना नियोजित कामे पुढे ढकलावी लागली. ती दुरुस्ती कार्यप्रणालीची नव्हती आणि हल्लाही नव्हता. परंतु औषध कितीही चांगले असले तरी पहिली मात्रा सर्वांना एकदम देऊ नये, हा धडा सर्वांनाच मिळाला.

विलंब केला तर वॉनाक्रायचे भय आणि घाई केली तर सदोष दुरुस्तीचे, अशा कात्रीत हे काम चालते. म्हणून प्रत्येक गटासाठी शेवटची मुदत ठरलेली असते; ती उलटल्यावर ‘नंतर’ हे बटण उपयोगी पडत नाही. अतितातडीच्या प्रसंगी मात्र टप्पे आखडते घ्यावे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुरुस्त्या वाटणाऱ्या या सुविधेतच गंभीर फट आढळली आणि मायक्रोसॉफ्टने दि. २३ ऑक्टोबर रोजी, नेहमीच्या मंगळवारची वाट न पाहता, तातडीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. आपल्याकडे तो दिवस भाऊबीजेचा होता. संगणकांच्या निगेला सणवार नसतात आणि या कामास पगारी, प्रशिक्षित मनुष्यबळ का लागते, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

तपासणी यंत्रांना जोडलेले संगणक

सी.टी. स्कॅन, सोनोग्राफी आणि प्रयोगशाळेतील स्वयंचलित यंत्रे यांच्या पोटातही संगणक असतो आणि पुष्कळदा त्यावरही विंडोजच असते. मात्र तेथे आम्हांस परस्पर दुरुस्ती बसविता येत नाही. यंत्राची अचूकता अबाधित राहील याची खात्री उत्पादकाने करून दिल्यावरच ती बसवावयाची असते, आणि त्यास विलंब लागतो. अशा यंत्रांसाठी नेटवर्कचा स्वतंत्र विभाग केलेला असून त्यांना इंटरनेटचे दार बंद ठेवले आहे. चित्रे साठविणाऱ्या सर्व्हरशी लागेल तेवढाच संपर्क त्यांना दिलेला आहे. दिल्लीच्या घटनेत विभाजनाचा जो अभाव दिसला, त्याची आठवण येथे ठेवली आहे. यापुढे नवीन यंत्राचे दरपत्रक मागविताना ‘दुरुस्त्या किती वर्षे मिळतील?’ हे लेखी विचारण्याचे धोरण आहे. यंत्र दहा-बारा वर्षे वापरावयाचे आणि त्यातील संगणकाचा आधार पाच वर्षांत संपावयाचा, हा व्यवहार स्वस्त दिसला तरी महाग पडतो.

ताळमेळ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला बँक ताळमेळ पत्रक शिकविले जाते : आपल्या वहीतील शिल्लक आणि बँकेच्या वहीतील शिल्लक यांत फरक असेल तर तो शोधलाच पाहिजे. दर महिन्यास आम्ही तेच करतो. एका बाजूस मालमत्ता नोंदवहीतील संगणकांची यादी आणि दुसऱ्या बाजूस सर्व्हरला अहवाल पाठविणाऱ्या संगणकांची यादी. ज्यांच्यावर दुरुस्ती बसली नाही त्यांचा शोध सोपा असतो, कारण ते स्वतःच तसे कळवितात. खरी चिंता मौन पाळणाऱ्या संगणकाची असते. नोंदवहीत तो आहे, सर्व्हरला मात्र त्याचा पत्ता नाही. तो कपाटात बंद पडून आहे, की कोठेतरी जोडलेला असूनही आमच्या नजरेआड आहे, याचा छडा लागेपर्यंत ते पत्रक पूर्ण धरले जात नाही. इंग्लंडमध्ये जी पडताळणी राहून गेली, ती हीच.

जुने संगणक आणि एक नम्र विनंती

प्रत्येक कार्यप्रणालीला आयुर्मर्यादा असते. विंडोज एक्स.पी.चा आधार दि. ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा दि. १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर विंडोज १० साठी सुरक्षा दुरुस्त्या हव्या असल्यास संस्थांना त्या विकत घ्याव्या लागतात. पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंतच. विंडोज ११ साठी संगणकात सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने साधारणपणे २०१८ पूर्वीचे बहुतांश संगणक त्यास पात्र ठरत नाहीत.

अनेक देणगीदार आपल्या कार्यालयातील वापरलेले संगणक प्रेमाने रुग्णालयास देतात. त्या भावनेचा आम्हांस आदर आहे. परंतु कालबाह्य कार्यप्रणालीचा संगणक नेटवर्कला जोडणे म्हणजे मुदत संपलेले औषध भांडारात ठेवणे होय. ते फुकट मिळाले म्हणून देता येत नाही. यास्तव, असे संगणक देण्यापूर्वी आमच्या कार्यालयाशी विचारविनिमय करावा, आणि शक्य असल्यास त्याऐवजी ‘संगणक देखभाल निधी’स साहाय्य करावे, ही नम्र विनंती. खाटेवर, बाकावर वा पाणपोईवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. अद्ययावतीकरणावर ती लावता येत नाही. ते यशस्वी झाले तर काहीच घडत नाही, हेच त्याचे यश.

पुढील विचारही करावा लागेल. सध्याच्या मध्यवर्ती सुविधेत नवी भर घालणार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आहे. ती चालू राहणार असली तरी कालांतराने इंटरनेटवरून चालणाऱ्या आणि वार्षिक वर्गणी लागणाऱ्या व्यवस्थेकडे वळावे लागेल. त्याचा अंदाज विश्वस्त मंडळापुढे यथावकाश ठेवण्यात येईल.

रुग्णांच्या नातेवाइकांस

रात्री एखाद्या कक्षातील संगणक थोडा वेळ बंद दिसला आणि परिचारिका कागदावर नोंद करताना आढळल्या, तर ते काम नियोजित असते. उपचारांत त्याने खंड पडत नाही. अन्य ठिकाणी केलेल्या तपासणीची सी.डी. किंवा पेन ड्राइव्ह आपण आणता, ती पाहण्यासाठी नेटवर्कपासून अलग ठेवलेला संगणक आहे. कक्षातील संगणकास ती जोडण्याचा आग्रह कृपया धरू नये. आपल्या रुग्णाची माहिती आपण विश्वासाने आमच्या स्वाधीन केलेली असते. ती सुरक्षित राहावी आणि रात्री-अपरात्री हवी तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर यावी, एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप आहे.

याविषयी ज्यांना अधिक जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी कार्यालयीन वेळेत अवश्य यावे. मासिक ताळमेळ पत्रक दाखविण्यात आम्हांस आनंदच वाटेल.

आपले नम्र,
प्रशासन विभाग